कच्च्या बंदाची थैली

बाहेर मांडवात पंगत बसली होती, आणि आत सुरभीच्या खोलीत कांताबाईच्या हातात थैलीचा नुसता बंद आला. थैली खाटेवरच राह्यली. तिच्यातला नारळ गडगडत जाऊन भिंतीला टेकला.

कांताबाई देवळीची, सुरभीची सख्खी आत्या. आज सुरभीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. पोराकडचे हिंगणघाटहून आलेले, अन् त्यांच्या बायांना द्यायच्या थैल्या कांताबाईनं स्वतः शिवलेल्या. तिचा आहेर म्हणजे थैलीच. बारसं असो की वास्तू, जाड मांजरपाटाची थैली अन् वर रंगीत चिंधीचं फूल. देवळीच्या बाजारातला निम्मा भाजीपाला तिच्या थैल्यांतून घरी जातो. "प्लास्टिकची पन्नी फाटते, माही थैली नाई फाटत," हे ती कोणी न विचारता सांगायची. अन् फेकायची म्हणून काही नाही. तुटकं बटन, बोटभर चिंधी, जुनी रीळ, सगळं खिडकीत जमा.

तिनं उसवलेली शिवण उलटी करून पाहिली. वरचा धागा पांढरा, नवा. खालचा, बॉबिनचा, पिवळट. चिमटीत धरला तर राखेसारखा सुटला. शेवटच्या चारदोन थैल्यांना नवी रीळ पुरली नव्हती. मग खिडकीत कधीपासून ऊन खात पडलेली रीळ तिनंच बॉबिनवर भरली होती.

साक्षगंधाच्या दिवशी ओटीचा नारळ भुईवर आपटला तर बाया काय काय बोलतात, ते तिनं जन्मभर ऐकलं होतं. त्यात पोराची आई शोभाबाई जिभेची तिखट. आल्या आल्याच थैल्यांचा ढीग पाहून म्हणाली होती, "आमच्यात साड्या देतेत बापा."

कांताबाईनं दाराला कडी घातली. एकेक थैली खाटेवर रिकामी केली, आतून शिवण तपासली. पिवळ्या धाग्याच्या निघाल्या त्या बाजूला घेतल्या, सुईत दुहेरी दोरा ओवला अन् टाके घालायला बसली. बाहेर कोणी "मठ्ठा आना, मठ्ठा" ओरडत होतं. म्हणजे जेवणं संपत आली.

दार वाजलं. कांताबाईनं कडी काढली. भावजय सुलोचना, सुरभीची आई, आत आली अन् खाटेवरचे नारळ पाहून दारातच थबकली.

"बाई, हे काय मांडून बसल्या वो?"

"धागा सडेल निंगाला. झालं आता, हा शेवटचा बंद."

"अन् पयली?"

"कोनती पयली?"

"ईनबाईची, शोभाबाईची! मानाची म्हनून मंगाशी त्यायची ओटी भरली ना मी. ढिगातली सगळ्यात वरची देल्ली."

सगळ्यात वरची म्हणजे सगळ्यात शेवटी शिवलेली. कांताबाई उठली. सुलोचनानं तिचं मनगट धरलं.

"हात जोडते बाई. गप राहा. गाडीत बसू द्या त्यायले. मंग तुटली त तुटली."

"त्यायच्या दारात तुटली त कोनाच्या नावानं तुटन? माह्या? सुरभीच्या नावानं तुटन."

"अन् इथं सांगतलं त?"

"त माह्या नावानं."

मनगट सोडवून ती मांडवात आली. शोभाबाई हात धुऊन खुर्चीवरची थैली उचलायलाच वाकली होती.

"ईनबाई, उचलू नका. थे थैली द्या मले."

शोभाबाई सरळ झाली. "देल्लेली वस्तू वापस मांगता?"

पंगतीत वाढणारा रूपराव, सुरभीचा बाप, बुंदीची परात घेऊन जागीच उभा राह्यला.

"मांगून राह्यली. बंद कच्चे हायेत."

"कोनं शिवली?"

"मीच."

"मंग आधी नाई दिसलं तुमाले?"

"नाई दिसलं. आत्ता दिसलं."

शोभाबाईनं नारळ काढून शेजारणीच्या हातात दिला. रिकाम्या थैलीचा बंद धरला अन् एक हिसका दिला. बंद हातात आला. कोणाच्या तरी तोंडून "अगं माय" निघालं. सुरभी नव्या साडीत दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"शिवा," शोभाबाई म्हणाली अन् खुर्ची ओढून बसली. "पन माह्या समोर."

कांताबाई सतरंजीवर बसली. सुई दोनदा बोटात गेली. रक्त मांजरपाटावर लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात घातलं. रस्त्यावरून गाडीवाला हॉर्न देत होता.

"दोरा दुहेरी घ्या."

"दुहेरीच हाये."

"त्या कोपऱ्यात अजून मारा."

कांताबाईनं मारले. शोभाबाईनं थैली घेतली, नारळ टाकला, लाडवांचा डबा टाकला, पाण्याचा भरलेला तांब्यासुद्धा ठेवला, अन् खांद्याएवढी वर उचलून धरली. बंद ताणला, अन् तसाच राह्यला.

"हं." शोभाबाईनं तांब्या काढून रूपरावच्या हातात दिला. मग दाराकडे वळली. "पोरी, लगनाचं ब्लाउज मात्र आत्याजवळ नको टाकजो शिवाले. भर मांडवात उसवन."

आधी तिच्याचकडच्या बाया हसल्या, मग सगळ्याच. सुरभीही तोंडावर पदर घेऊन हसली. कांताबाईला हसू आलं नाही.

गाडी गेली. पन्नाशी उलटलेली कांताबाई रिकाम्या पंगतीत जाऊन बसली, पुढ्यात पत्रावळ ओढली.

"सुलोचना, वाढ मले."

"भात थंडा झाला बाई."

"थंडा त थंडा. वाढ."