पुँटीचं पथ्य

नवरा, निशिकांतबाबू, गेल्यावर पारुलबालांनी मासा सोडला तो सोडलाच. विधवेनं मासा सोडावा, असं शांतिपुरात आता कुणी कुणाला सांगत नाही. उलट मुलीनं पाया पडून पाहिलं, पण बाई ढिम्म. सोबतीला थोरली नणंद शेफालीदिदी, त्याही विधवा आणि वर्षानुवर्षं शाकाहारी. दोघी जणी डाळ-भोपळ्यावर दिवस काढत आणि वर त्याचा तोराही मिरवत.

घरात तिसरी पुँटी, निशिकांतबाबूंची लाडकी मांजर. ते गेल्यापासून ती शेजारच्या चार घरी मासे उकळून यायची. पण यंदाच्या थंडीत ती आजारली, मागचे पाय लटपटू लागले आणि बाहेरची खानावळ बंद झाली.

पारुलबालांनी तिचं अगदी बाळंतिणीसारखं केलं. बसकी टोपली, जुन्या साड्यांची मऊ गोधडी, गोधडीखाली गरम पाण्याची पिशवी, मान वळवली की पाणी. ऊन सरकेल तशी टोपलीही सरकायची.

"माझे गुडघे धरतात तेव्हा मला कुणी उन्हात सरकवत नाही," दिदी म्हणाल्या.

"तुम्ही टोपलीत मावत नाही, दिदी."

सगळं छान होतं, फक्त पुँटी खात नव्हती. "पोटात काही गेलं नाही तर आता फार दिवस काढणार नाही," जनावरांचे डॉक्टर म्हणाले. पारुलबालांनी अंगणात वेगळी चूल मांडली आणि दारावर येणाऱ्या मासेवाल्या हरेनकडून शिंगी मासा घेतला. आजाऱ्याला तोच देतात.

"मावशी, मी घर तर नाही ना चुकलो?"

"जास्त बोलू नकोस. नीट साफ करून दे."

पातळ कालवण झालं. काटे काढून कोमट घास पुढे धरला. पुँटीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. मग ती पारुलबालांच्या तोंडाकडे बघत बसली.

तेव्हा त्यांना आठवलं. निशिकांतबाबू जेवताना आधी स्वतः घास घ्यायचे, मग पुँटीला द्यायचे. या घरात तिला तसंच खायची सवय होती.

त्यांनी घास ओठांपाशी नेऊन खोटंखोटं मचमच केलं. पुँटीनं डोळे मिटून घेतले. ती फसणारी नव्हती. दिदी देवळात गेल्या होत्या. पारुलबालांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि घास तोंडात टाकला.

चव तीच होती. त्यांना रडू आलं आणि हसूही आलं. पुढचा घास पुँटीनं हातातून ओढूनच घेतला. मग एक हिचा, एक तिचा, असं करत ताट संपलं.

दिदी परतल्या तेव्हा पुँटी मिशा चाटत होती आणि पारुलबाला आनंदानं सांगत होत्या, "दिदी, खाल्लं हो तिनं!"

दिदी ताटाकडे वाकल्या. कडेला काटे होते, चोखून स्वच्छ केलेले, एका ओळीत मांडलेले.

"हुशार आहे हो मांजर," दिदी म्हणाल्या.

पारुलबाला मान खाली घालून पदराशी चाळा करू लागल्या. दिदींनी ताट उचललं, मोरीकडे निघाल्या आणि वाटेत थांबल्या.

"पारुल, उद्या हरेनला रोहू आणायला सांग. आणि जरा जास्त घे. दोघी जणी बसल्या पंगतीला, तर तिला अजून चार घास जातील."