उखाण्याचा आवाज वाढवताना

लग्नाचा शूटिंगवाला मंगल कार्यालयातून निघून गेला की आमच्या घरात माझं काम सुरू होतं. पुढचं सगळं, म्हणजे वरात घरी येणं, सुनेनं माप ओलांडणं, मी मोबाइलवर घेतो आणि नंतर लॅपटॉपवर एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडतो. मधेमधे गुलाबाच्या पाकळ्या पाडतो. नातेवाईक कौतुक करतात. न करून जातात कुठं, पुढच्या लग्नालाही फुकटात राबणारा मीच.

पुतण्याचं लग्न चाकूरला झालं आणि सून नांदेडला आमच्या दारात येऊन उभी राहिली. करवल्यांनी दार अडवलं. नाव घेतल्याशिवाय नव्या नवरीला आत सोडायचं नाही, ही सगळीकडची रीत. तिनं नाव घेतलं की सगळ्यांनी "ऐकूच आलं न्हाई" म्हणायचं, ही आमच्या घरची. माझ्या बायकोकडून घसा बसेस्तोवर म्हणवून घेतलं होतं. त्या दिवशी ओरडणाऱ्यांत सगळ्यांत पुढं तीच होती.

पोरीचा आवाज मुळात बारीक. ती म्हणायची, आम्ही हसायचो, ती पुन्हा म्हणायची. "चाकूरला लाउडस्पीकर मिळत न्हाईत काय गं?" कुणीतरी म्हणालं. मी तर मोबाइल धरून "आवाज, आवाज" असा ठेकाच धरला होता. शेवटी माझ्या वहिनी, म्हणजे तिची सासू, म्हणाल्या, "येऊ द्या आत. मुकी तर मुकी, भाकरी थापता आली म्हंजे झालं." या वाक्यावर सगळ्यांत जास्त हशा झाला.

मग तिच्या वडिलांचा मला फोन. आई लहानपणीच गेलेली, बापानं एकट्यानं वाढवलेली पोर.

"पाव्हणं, तेवढं पोरीनं नाव घेतलेलं ऐकवा की. स्वतः जुळवलंय म्हनं. मला सांगंना. म्हनली, बापू, सासरच्या दारात घेतलेलंच ऐका."

"अहो, आजच पाठवतो," मी म्हणालो. जणू माझा स्टुडिओच आहे.

हेडफोन लावून बसलो, त्यात आठवडा गेला. पडद्यावर आवाजाची हिरवी नक्षी उमटते. तिचा आवाज म्हणजे नुसती सरळ रेघ, आणि मधे जे डोंगर उभे होते ते माझे. मोबाइल माझ्याच हातात, तोंड त्याच्या जवळ; दुसरं काय होणार? आवाजाची पट्टी वर सरकवली तर ती जराशी वर आली आणि मी मात्र रेड्यासारखा हंबरलो. तुकडे पाडून माझे तुकडे खाली आणि तिचे वर करायला गेलो, तर तिच्या प्रत्येक शब्दावर कुणी ना कुणी हसत होतंच. तेवढ्यात नको असलेला गोंगाट आपोआप काढून टाकायचं बटण सापडलं. ते दाबलं. सॉफ्टवेअरनं आपल्या हिशोबानं तिलाच काढून टाकलं आणि मला ठेवलं.

पण त्या सगळ्या खटाटोपात एक झालं. पहिल्या वेळी ती काय म्हणाली ते मला नीट ऐकू आलं. तिनं स्वच्छ म्हटलं होतं.

म्हटलं, घरात शांतता आहे तोवर पुन्हा म्हणवून घेऊ आणि चित्राखाली नवा आवाज चिकटवू. सुनेला बोलावलं. ती हात पुसत आली, मोबाइलकडं बघत उभी राहिली. वहिनी शेजारीच मेथी निवडत बसल्या होत्या. या वेळी कुणी हसलं नाही. पोरीनं चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं:

"माय गेली देवाघरी, बापू राहिला वेशीत,
…रावांचं नाव घेते, लेक घ्या कुशीत."

वहिनींचा मेथीतला हात थांबला.

"दारात, माप ओलांडताना, मेलेल्या मायचं नाव घेतलं व्हय तू?"

तिनं पदराला पुन्हा हात पुसले.

"घरात पाऊल टाकायच्या आधीच मरणाचं नाव. आमच्यात असलं चालत न्हाई. बरं झालं त्या दिवशी कुणाला ऐकू आलं न्हाई." मग माझ्याकडं वळून, "भावजी, तिथं सनई टाका."

मी म्हणालो, "वहिनी, तिच्या वडिलांनी मुद्दाम..."

"सनई टाका म्हनलं ना."

आमच्या घरात वहिनींनी एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नसतात. सून स्वयंपाकघरात गेली. आवाजाच्या रेघेशेजारी कर्ण्याचं छोटं चित्र असतं, त्यावर बोट ठेवलं की त्यावर फुली पडते. एवढंच काम होतं. आठवडाभर जे जमलं नाही ते असं झटक्यात झालं. वर सनई टाकली, पाकळ्या पाडल्या, चाकूरला पाठवून दिलं.

संध्याकाळी तिच्या वडिलांचा फोन आला. वहिनी म्हणाल्या, स्पीकरवर लावा, सगळे ऐकतील.

"पाव्हणं, बघितलं. लई हसतं घर हाय तुमचं. जिवाला बरं वाटलं. पोरीचे नुसते ओठ हालायलेत, सनईत काय कळलं न्हाई. हाय का ती जवळ?"

मी फोन तिच्यापुढं धरला.

"काय म्हनली होतीस गं, बाय?"

तिनं सासूकडं बघितलं. वहिनी कणीक मळत होत्या.

"साधंच होतं, बापू. पुस्तकातलं घेतलं होतं."



"असं व्हय," ते म्हणाले. "बरं, बरं. पाव्हणं, सनई मात्र झकास टाकलीत."