जाड्या आवाजाच्या कौसामावशी

कौसामावशी कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा ग्लास हातात घ्यायच्या आधी तिथला स्पीकर ठोकून बघत. टरबूज घेताना ठोकतात तसा. मग लगेच निकाल. आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा टीव्हीखालच्या साउंडबारला त्यांनी दोन टिचक्या मारल्या आणि म्हणाल्या, "पट्टी हाय का ही? मास्तर मारायचे तसली?" आठवडाभर मोबाइलमध्ये डोकं घालून, शंभर लोकांची मतं वाचून मी तो साउंडबार घेतला होता. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याला पट्टीच म्हणतात.

मुकुंदवाडीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. चितेगावच्या एका कंपनीत पॅकिंगला जन्म काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेलेला, एकुलता मुलगा प्रदीप पुण्यात. आईची फार काळजी असल्यामुळे तो दर वर्षी तिला एक वस्तू पाठवायचा. एका वर्षी मुठीत मावणारा, मोबाइलला जोडायचा स्पीकर आला. मावशींनी तो पालथा घालून बघितला. "लई गोड हाय. ह्याच्यात अत्तर भरायचं का कुंकू?"

त्यांना हवे होते मोठे स्पीकर. कमरेएवढे, लाकडी खोक्याचे, आत कागदी पडदा असलेले, आणि तेही त्यांच्या पेन्शनीत बसणारे. "कानात वाजून काय उपेग? छातीत वाजलं पायजे," हे त्यांचं एका वाक्याचं शास्त्र. मी त्यांना शहरातल्या एका चकचकीत दुकानात घेऊन गेलो. विक्रेता मुलगा टाय लावून होता. त्यानं चारी बाजूंनी आवाज येणारं एक नळकांडं दाखवलं. मावशींनी पिशवीतून स्वतःचा टेप काढला, वायर काढली, एक कॅसेट काढली. टेप कुठून सुरू होतो, हे त्या मुलाला मावशींनीच दाखवलं. एक मिनिट ऐकून त्या उठल्या. "चारी बाजूंनी येतंय, पण मी कुठंच नाय." तो मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे.

बाहेर रसवंतीवर बसल्यावर त्यांनी उलगडा केला. तरुणपणी त्या एका गायन पार्टीत कोरसला होत्या. गावोगाव जयंतीला भीमगीतं गायची. पार्टीची एकच कॅसेट निघाली. तिच्यावर मुख्य गायकाचा फोटो, पेटीवाल्याचं नाव, ढोलकीवाल्याचं नाव, कॅसेट ज्यानं काढली त्याच्या दुकानाचा पत्ता. कोरसमधल्या बायकांच्या वाट्याला 'आणि साथी' एवढे दोन शब्द. प्रदीपला त्यांनी ती कितीदा तरी ऐकवली होती. तो म्हणायचा, "असशील गं आई, पण ऐकू तर येत नाही."

"माझा आवाज जाडा," मावशी म्हणाल्या. "बारक्या डब्यात मावत नाय. मोठ्या खोक्यातूनच येतो. मला एकदा त्याला ऐकवायचाय."

मग आमची वणवण सुरू झाली. मी शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीला, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायला मला पगार मिळतो. रविवारी तेच काम फुकट करू लागलो. शेवटी चितेगावात सलीमभाई नावाचे जुने मंडपवाले सापडले. डीजेच्या भिंती आल्यापासून त्यांचे खोके निवृत्त होते. एकावर टीव्ही ठेवलेला, दुसऱ्यात कोंबड्या. "खाला, ये तो कबाड़ है," सलीमभाई शरमून म्हणाले. मावशींनी कोंबड्यांच्या खोक्यावर ठोकलं. आतून एक कोंबडी तक्रार करत बाहेर आली. मावशींचा चेहरा उजळला. "आवाज हाय. कोंबड्यांना दुसरीकडं घर बघा."

सलीमभाईंनी पडदे बदलून दिले, घरात पडलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर वर दिला. खोके टेम्पोतून आले आणि दारात अडकले. हल्लीची घरं माणसांच्या मापानं बांधतात, तीही बारीक माणसांच्या. दाराची फळी उचकटून ते आत घेतले. उरलेल्या जागेत मावशींची खाट कशीबशी बसली. आता ह्या खोलीत राहतं कोण, स्पीकर का तुम्ही, असं मी विचारलं. "मी भाडेकरू," त्या म्हणाल्या.

कॅसेट लागली. आमच्या स्वयंपाकघरातली भांडी साथीला आली. गल्ली बाहेर आली. पहिलं कडवं संपल्यावर मावशींनी विचारलं, "आली का मी ऐकू?" दहा बायकांत मला काय डोंबल कळणार? तरी शेजारधर्म म्हणून म्हणालो, "आलात की! अगदी स्पष्ट!"

"खोटारडा! नीट ऐक आता."

तिसऱ्या कडव्याच्या शेवटी सगळ्या बायका एकदम थांबल्या. एक थांबली नाही. जाडा, भरदार, खालच्या पट्टीतला आवाज एकटाच पुढं गेला आणि मग दचकून गप्प झाला.

"ती मी," मावशी म्हणाल्या. "चुकले. पार्टीचे मास्तर लई बोलले मला, पण टेप संपली व्हती, परत कोण करतंय? घरी येऊन रडले." मग स्वतःच हसल्या. "आता बघ, ज्या बरुबर गायल्या त्या कुठं हायत, सांग बरं? मी चुकले म्हणून घावते."

मी म्हणालो, प्रदीपला फोन करून हे सांगा. त्यांनी मान हलवली. "सांगितलं तर व्हय व्हय म्हणंल. त्यानं आपल्या कानानं वळखलं पायजे."

दिवाळीला प्रदीप आला. दोन दिवस होता आणि दोन्ही दिवस कानात हेडफोन घालून मिटिंगमध्ये होता. खोके बघून म्हणाला, "आई, हे काय भंगार भरलंयस?" जाताना मात्र कॅसेट घेऊन गेला. मित्राच्या स्टुडिओत डिजिटल करून आणतो म्हणाला. मावशी त्याच्या येण्याची वाट बघत राहिल्या. तो आला, पण त्या गेल्यावर. थंडीत छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

मावशींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. प्रदीपनं तो अत्तराच्या बाटलीएवढा स्पीकर मधोमध ठेवला आणि आईचं गाणं लावलं. खरखर नाही, घरघर नाही, सगळं धुतल्यासारखं. तिसरं कडवं आलं. सगळ्या बायका एकदम थांबल्या. सगळ्या.

"किती क्लीन झालंय ना, दादा?" प्रदीप म्हणाला. "तिथं शेवटी एक बाई चुकली होती. तिला काढून टाकलं."

माझ्या जिभेला एरवी टोमणा शोधावा लागत नाही. त्या वेळी मूळ कॅसेट कुठंय, एवढंच विचारलं. ती त्याच्या बॅगेत होती. मी ती टेपमध्ये घातली, मोठे खोके जोडले. प्रदीप म्हणाला, "दादा, लोक बसलेत, जरा हळू." मी हळू केलं नाही.

तिसरं कडवं आलं. बायका थांबल्या आणि तो एकटा जाडा आवाज पुढं गेला.

प्रदीपनं टेप मागं घेतली, पुन्हा लावली. माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. तो खोक्याला पाठ टेकून खाली बसला.

जालन्याहून आलेली, त्याच पार्टीत गायलेली एक म्हातारी भिंतीशी बसली होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "कौसाच ही. हिला येळंवर थांबायचं कवा कळलंच नाय."