शाळेच्या वेळेत घरात मुलगी

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. हुपरीच्या शाळेनं मला माणसांत आणलं, असं मी आजही मानतो. त्यामुळं माझ्याच मुलीला शाळेतून काढून घरी शिकवायची वेळ येईल, असं कधी वाटलं नव्हतं.

ती चौथीत होती. वाचताना अडखळायची, बाई उभी करायच्या, वर्ग हसायचा. हळूहळू तिनं शाळेत बोलणंच सोडलं. सकाळी गणवेश चढवला की उलटी. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही. दिवाळीनंतर बायको म्हणाली, "आता हिला मी घरीच शिकवते." महिन्याभरात उलट्या थांबल्या. आईबरोबर पीठ मोजता मोजता मुलगी अपूर्णांक शिकली, पुन्हा गुणगुणू लागली.

मला बरं वाटायला हवं होतं. पण शाळेच्या वेळेत घरात बसलेली मुलगी मला बघवत नव्हती. खिडकीपाशी वहीवर वाकलेली तिची पाठ दिसली, की ती अक्काची पाठ व्हायची.

अक्का माझी थोरली बहीण. आमच्या घरी चांदीची पैंजणं व्हायची. अक्का पाचवीत असताना वडिलांनी, अण्णांनी, तिला शाळेतून काढून पैंजणांच्या कड्या जोडायला बसवलं आणि शाळेत काय सांगायचं ते मला पढवलं. मी आठ वर्षांचा. तिचे गुरुजी मधल्या सुट्टीत मला गाठून विचारायचे, "बहीण का येत न्हाय रं?" मी सांगायचो, "आजारी हाय." किती दिवस सांगत होतो, आठवत नाही. एकदा ते तिला बघायला घरी आले. अक्का दाराआड उभी राहिली आणि मी म्हणालो, "झोपलीया." त्यांनी तिच्यासाठी आणलेलं मोसंबं माझ्या हातात दिलं. ते गेल्यावर अक्कानं सोलून मला दिलं. मी खाल्लं.

मुलीच्या शाळेतून फोन यायचा तेव्हा मी सांगायचो, "तिची तब्येत बरी नाही." खरं सांगायची लाज वाटायची.

फेब्रुवारीत एका मंगळवारी अक्का एसटीनं आमच्या शाहूपुरीच्या घरी आली. मुलगी गणिताची वही घेऊन बसलेली.

"आज साळा न्हाय व्हय हिला?"

"आजारी हाय," माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्कानं मुलीच्या कपाळाला हात लावला. मग माझ्याकडं बघितलं. "अंग तर गार हाय की."

"आत्या, मी आजारी नाही," मुलगी म्हणाली. "मी घरीच शिकते. शाळेत मला कसंतरी होतं."

"हितं बरं वाटतंय?"

"हो."

"आन पुन्यांदा जावं वाटलं तर?"

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. बायकोही स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली.

"तर जायचं," मी म्हणालो. "त्याच दिवशी."

अक्का खुर्चीत टेकली. मी म्हणालो, "अक्का, तवा मी गुरुजींना..."

"तू बारका हुतास. अण्णांनी सांगितलं ते बोललास." ती घोटभर पाणी प्याली. "आता कुणी सांगितलंय?"

मी टेबलावरच्या फोनकडं पाहिलं.

"लाव फोन. माझ्या म्होरं लाव."

मी मुख्याध्यापिकांना सांगितलं, की मुलगी आजारी नव्हती, मी खोटं बोलत होतो. आम्ही तिला घरीच शिकवतोय.  त्या म्हणाल्या, "मग तिचं नाव पटावर ठेवू, की कमी करू?"

फोनवर हात ठेवून मी तो प्रश्न मुलीला विचारला. ती पेन्सिलीचं टोक चावत राहिली. अक्का तिच्या तोंडाकडं एकटक बघत होती.

"सध्या ठेवा म्हणावं," मुलगी म्हणाली.

मी तसंच सांगून फोन ठेवला. अक्का उठली आणि तोंड धुवायला मोरीत गेली. तिनं नळ सोडला. तो बराच वेळ चालू होता. आम्ही तिघं बाहेर बसून होतो. कुणी तिला हाक मारली नाही.