वहिनीच्या पायावरचं गार पाणी

आधीच सांगतो, मी ठिबकवाला माणूस. शहाद्यात ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे, शेती ब्राह्मणपुरीला. नळीत पाणी एका टोकाला सोडलं की दुसऱ्या टोकाला निघतं, मधे भूत बसत नाही — हे माझं तत्त्वज्ञान. कुणी अंगात येण्याच्या गोष्टी सांगायला लागलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण गेलं वर्षभर ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो.

माझी मुलगी सायली फिलिपिन्समध्ये डॉक्टरकी शिकते. समुद्राकाठचं छोटं शहर आहे. गेल्या श्रावणात तिच्या मैत्रिणीचा, धुळ्याच्या मानसीचा फोन आला — काका, सायलीला डेंग्यू झालाय, प्लेटलेट्स उतरताहेत, तुम्ही या. मी मिळेल त्या विमानाने निघालो.

घरी खरं सांगितलं नाही. त्याच आठवड्यात आमच्या खानदेशातला मोठा सण, कानबाई. नारळाला नथ-डोळे लावून देवी सजवायची, रविवारी बसवायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायची. आमच्याकडे कानबाई डोक्यावर घेते माझी मोठी वहिनी. घरात मोठं दुखणं आहे असं कळलं असतं तर यंदा कानबाई बसवायची की नाही यावर सगळी भाऊबंदकी भांडत बसली असती. म्हणून ‘कॉलेजात पालकांची मीटिंग आहे’ अशी थाप मारली. बायकोलासुद्धा ‘साधा ताप’ एवढंच सांगितलं.

सोमवारी दुपारी — म्हणजे आपल्याकडची सकाळ — सायलीची प्लेटलेट आणखी घसरली. ती डोळे मिटूनच म्हणाली, “पप्पा, गार पाणी हवंय… एकदम गार.” दवाखान्यातलं पाणी कोमट लागत होतं. डॉक्टरांना विचारून मी मानसीबरोबर बाहेर पडलो. कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फात ठेवलेली बाटली घेतली आणि वळून बघतो तर रस्ता बंद. आडवा दोर बांधलेला, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं.

“काका, गावाची जत्रा आहे,” मानसी म्हणाली. “यांच्या संताची मिरवणूक. आज आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.”

समोर दवाखान्याची पायरी दिसत होती, आणि मधे ही मिरवणूक. ढोल, पत्र्याची वाद्यं, डोक्यावर पिसांचे मुकुट घातलेली पोरं, रंगीत घागऱ्यातल्या बाया. हातात मखमली कपडे घातलेल्या छोट्या मूर्ती, आणि त्या उंच धरून नाचत चाललेल्या. सुंदर असेल. मला मात्र ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला राग येत होता. तिकडे माझी पोर पाण्यासाठी खोळंबलीय आणि यांचं नाचणं संपेना. मी दोनदा दोराखालून वाकलो, दोनदा तिथल्या पोलिसाने हसून मागे सारलं.

तेवढ्यात त्या घागऱ्यांमध्ये हिरवं लुगडं दिसलं.

नऊवारी, अनवाणी पाय, डोक्यावर चौरंग, चौरंगावर नथ घातलेली कानबाई. एक हात चौरंगाला, दुसरा मोकळा. उजव्या गुडघ्याच्या दुखण्यामुळे जरा कलून टाकलेलं पाऊल… ती चाल मी तीस वर्षं बघतोय. माझी वहिनी.

ती सरळ माझ्यापुढे येऊन थांबली.

“आंडेर कशी शे, भाऊ?”

आंडेर म्हणजे मुलगी. माझे हात आपोआप चालू लागले. कानबाई दारात थांबली की जिच्या डोक्यावर ती असते तिच्या पायावर पाणी घालायचं, ही आमच्याकडची रीत लहानपणापासून अंगात मुरलेली. मी बाटलीचं झाकण काढलं, दोराखालून वाकलो आणि सगळं पाणी तिच्या पायावर ओतलं. पोरीसाठी घेतलेलं पाणी. थेंबसुद्धा उरला नाही.

तिने मान हलवली आणि पुढे गेली. मधे मोठा ढोल आला. तो गेल्यावर हिरवं लुगडं कुठेच नव्हतं.

“काका, रस्त्यावर पाणी का ओतलं?” मानसीने विचारलं. तिला तिथे कुणीच दिसलं नव्हतं.

दुसरी बाटली घेऊन पोचायला बराच उशीर झाला. सायली पाणी प्यायली, झोपली. संध्याकाळी प्लेटलेट पहिल्यांदा वर सरकली. डॉक्टर म्हणाले, या आजारात त्या सुमाराला उतार पडतोच. मीही तेच मानतो. तो चमत्कार मी कुणाच्या नावावर लिहीत नाही.

मग भावाला फोन केला, सहज म्हणून. तो म्हणाला, “तुन्ही वहिनी आज रस्तामाच थांबी गई. ढोल वाजी ऱ्हायंता, पन ही जागावरथून हालेच ना. तू कानबाईले उना नही, रुसनी व्हई तुन्हावर.”

मी हसलो. सणाला आलो नाही म्हणून ती रुसली, म्हणे. त्याला काहीच सांगितलं नाही, आणि परत आल्यावरही कुणाला सांगितलं नाही. डेंग्यूचं नंतर घरी कळलं. पाण्याचं नाही. मानसीचा आमच्या गावाशी काही संबंध नाही, वहिनीचं नावही तिला ठाऊक नाही. जागरण होतं, काळजी होती, ढोल होते… डोकं फिरलं असेल, अशी मी माझी समजूत घातली होती. बऱ्यापैकी पटलीही होती.

यंदाच्या कानबाईला मी घरी होतो. सोमवारी सकाळी वहिनी कानबाई घेऊन आमच्या दारात थांबली. मी तांब्याने तिच्या पायावर पाणी घातलं. उन्हात ठेवलेल्या टाकीचं पाणी.

वहिनीने पायाकडे बघितलं आणि मला एकट्याला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, “तठलं पानी गार व्हतं, भाऊ.”

तठलं म्हणजे तिथलं. एवढं बोलून ती नदीकडे चालू लागली.

संध्याकाळी विचारलं तर म्हणते, मी असं काही बोललेच नाही. पाणी एका टोकाला सोडलं की दुसऱ्या टोकाला निघतं, हे मी रोज गिऱ्हाइकाला सांगतो. पण त्याला मधे नळी लागते ना…