तोळेमामांची गादी

गुंजांनी औषध तोलायला शिकण्यासाठी मी विक्रोळीच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडली.

मुलुंडला आमच्या चाळीसमोर तोळेमामांचं आयुर्वेदिक औषधांचं दुकान होतं. खरं आडनाव वेगळं. पण ग्रॅमचं नाव काढलं की ते असे भडकत, की सगळी गल्ली त्यांना तोळेमामाच म्हणे. "अरे, तब्येत तोळामासा असते. दोन ग्रॅम तब्येत ऐकलीयस कधी?" ह्या एका वाक्यावर मी त्यांचा शिष्य झालो. माझ्या बुद्धीची झेप तेवढीच.

भस्म तोलताना मामा पंखा बंद करायला लावत. घामाने निथळत, श्वास रोखून उभे. गिऱ्हाईक मध्येच बोललं तर म्हणत, "काटा बोलतोय. तुम्ही थांबा." एका पारड्यात भस्म, दुसऱ्यात लाल-काळ्या गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. कारखाना सुटल्यावर जाऊन गुंजा निवडायचं काम माझं. एखादी पोचट निघाली की ओरडत, "नीट बघ रे! औषध कोणाच्या तरी पोटात जायचंय."

माझी मुलगी तापाने फणफणली होती, तेव्हा तिची पुडी त्यांनी पुन्हा पुन्हा तोलली. मग म्हणाले, "माझ्यानंतर हा काटा तुझा." मी दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला.

एका दुपारी वजनमापांचा इन्स्पेक्टर आला. पारड्यात गुंजा, शेजारी पितळी तोळे. "ह्यांना बंदी आहे, ठाऊक नाही? कोणाची ही?"

मी ऐटीत गुरूकडे बघितलं. आता मामा ह्याला तब्येतीचं वाक्य ऐकवणार!

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याची. कितीदा सांगितलं, ऐकतच नाही." आणि माझ्या बसायच्या गादीखालून त्यांनी एक लाकडी पेटी काढली. आत सरकारी शिक्क्याची ग्रॅमची वजनं. वापरून वापरून गुळगुळीत झालेली.

इन्स्पेक्टर माझं नाव लिहून घेऊन गेला.

"रागावू नकोस," मामा म्हणाले. "माझं नाव आधी एकदा त्यांच्या वहीत चढलंय. पुन्हा चढलं असतं तर दुकानच गेलं असतं."

"आणि ही पेटी?"

"तू यायच्या आधी सकाळच्या पुड्या ह्याच वजनांनी बांधून होतात रे. पटापट."

"मग गुंजा कशाला?"

"लोकांना बघायला आवडतं. तुला नाही आवडलं?"

आवडलं होतं. अजूनही आठवलं की आवडतं, हीच तर पंचाईत आहे.

त्या संध्याकाळी मी दुकान सोडलं. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, जरा गळा काढूनच. तिने भाजी चिरायची थांबवून शांतपणे विचारलं,

"अहो, रोज त्याच गादीवर बसत होतात ना? पेटी टोचली नाही कधी?"