वानखडे मास्तरांचं स्थळ

बडनेऱ्याला आम्ही उतरलो तेव्हा आमच्या सायकली आमच्या आधी उतरल्या होत्या आणि एक मिशाळ गृहस्थ त्यांची चाकं दाबून बघत होते. खाकी अर्धी विजार, पांढरा सदरा, कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. "ही पुण्याची हवा आहे," ते म्हणाले, "वऱ्हाडात पुरायची नाही." आणि नमस्कार-चमत्कार होण्याआधीच त्यांनी दोन्ही सायकलींची हवा सोडून दिली. मग पंप आपल्या शाळेत राहिला असल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. आमची सायकल-सहल अशी पायी सुरू झाली.

हे वानखडे मास्तर, अमरावतीच्या एका शाळेतले व्यायामशिक्षक. श्रीधरची आणि त्यांची ओळख शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात झाली होती. (श्रीधर माझा नवरा. मी त्याला नावानेच हाक मारते. त्याबद्दल सासूबाईंचं आणि माझं काय ते बोलून झालेलं आहे.) नाताळच्या सुट्टीत वऱ्हाडातली ऐतिहासिक स्थळं सायकलवरून दाखवतो, सोबत वाटाड्या म्हणून मी स्वतः असेन, असं मास्तरांनी कळवलं होतं. अमरावतीहून अचलपूर, तिथून अंजनगाव, दर्यापूर आणि शेवटी अकोला. रस्ता सपाट, हवा थंड, माणसं प्रेमळ. तिन्ही गोष्टी थोड्याफार खऱ्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरावती सोडली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, मध्येच तूर. कापसाने फुगलेल्या बंड्या (बैलगाड्या) रस्त्याच्या बरोबर मधून चालत होत्या आणि बंडीवाले झोपलेले होते. बैलांना रस्ता पाठ होता. आम्ही पाठ नव्हतो. मास्तर शिट्टी फुंकत, बैल दचकत, बंडीवाला जागा होऊन मास्तरांच्या घराण्याची चौकशी करी. मी पाचवारी साडीचा काष्टा मारून सायकल चालवत होते. वेचणीच्या बाया हातातला कापूस टाकून धुऱ्यावर (बांधावर) येऊन उभ्या राहत. एका म्हातारीने मला थांबवलंच.

"काहून व माय, बंडी नाही भेटली?"

"हौस म्हणून आलेय, आजी."

"नवऱ्यानं सोडलं काय?"

"नाही हो, तो काय मागून येतोय."

म्हातारीने मागून येणाऱ्या श्रीधरकडे निरखून पाहिलं. तो घामाने निथळत होता आणि सायकलपेक्षा त्याचाच आवाज जास्त येत होता. "सोडलं असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली आणि पुन्हा वेचायला गेली.

आसेगावला चहासाठी थांबलो. हॉटेल म्हणजे कुडाची एक पडवी आणि दोन बाकं. मालकाने मला आणि श्रीधरला काचेच्या गिलासातून चहा दिला. मास्तरांना तो ओळखत होता. त्यांच्यासाठी त्याने बाहेरच्या कोनाड्यातला कान तुटलेला कप काढला, दुरून चहा ओतला आणि बाकाच्या टोकाला ठेवला. मला समजायला एक क्षण लागला. मास्तरांना तेवढाही लागला नाही. त्यांनी तो कप उचलला आणि श्रीधरच्या हातात दिला.

"भाऊ, चूक होऊन राहिली तुमची," ते मालकाला म्हणाले. "हे पुण्याचे पाहुणे. मोठे लोक. पाहुण्याईले साधा गिलास देता? खास वेगळा ठेवलेला कप तं यांनाच पाहिजे." असं म्हणून त्यांनी श्रीधरचा गिलास घेतला आणि एका दमात रिकामा केला.

मालक किटली धरून तसाच उभा. श्रीधरने हातातल्या कपाकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि म्हणाला, "साखर कमी आहे."

बाकावरच्या एका शेतकऱ्याला हसताना चहाचा ठसका लागला. मालकाने मुकाट्याने साखर आणली. "मास्तर, तुमी लय वांड आहा," तो पुटपुटला.

"छप्पन साली बौद्ध झालो ना जी," मास्तर म्हणाले, "तवापासून वाढलं ते."

पुढे पूर्णेच्या पुलापर्यंत बंड्या आडव्या आल्या तरी मास्तरांनी एकदाही शिट्टी फुंकली नाही.

अचलपुरात मात्र त्यांचा इतिहास सुटला. गावाला जुने भक्कम दरवाजे आहेत. प्रत्येक दरवाज्यातून, मास्तरांच्या म्हणण्याप्रमाणे, शेजारी शेजारी दोन हत्ती जात असत. एका दरवाज्यातून आमच्या तीन सायकली शेजारी शेजारी जाईनात, तेव्हा ते म्हणाले, "हत्ती लहान होते." गावाबाहेर एका कोरड्या तळ्यात हौज कटोरा नावाची अष्टकोनी मजलेदार इमारत उभी आहे. उतरत्या उन्हात ती इतकी देखणी दिसत होती की मी सायकल टाकून तशीच बसले.

"इथं राणी आंघोळ करायची," मास्तरांनी सांगितलं, "आणि वरच्या मजल्यावरून राजा पहारा द्यायचा."

"स्वतः?" मी विचारलं.

"दुसऱ्यावर विश्वास नव्हता."

"कोणता राजा?" श्रीधरने वही काढली.

मास्तरांनी इमारतीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "जुना," ते म्हणाले. श्रीधरने ते लिहून घेतलं.

जेवायला ज्वारीची भाकर, चून (पिठलं) आणि हिरव्या मिरचीची भाजी होती. मिरची घालून केलेली भाजी नव्हे, मिरचीचीच भाजी. मी पहिल्या घासाला रडले, दुसऱ्याला घाम आला, तिसऱ्यापासून आवडायला लागली. शेवटी तोंड शांत करायला संत्री पुढे आली. तशी संत्री पुण्याला येत नाहीत. जी येतात ती बहुधा त्या संत्र्यांनी नाकारलेली भावंडं असावीत.

अचलपूरहून अंजनगावला जाताना छोट्या रेल्वेचे रूळ सोबत करतात. ही गाडी इतकी सावकाश जाते की माणसं उतरून तुरीच्या शेंगा तोडतात आणि पुन्हा चढतात. श्रीधरच्या अंगात एकदम काय संचारलं कोण जाणे. इंजिन शेजारी येताच तो पायडलवर उभा राहिला. डब्यातले लोक ओरडायला लागले, कोणी टोप्या हलवल्या. श्रीधर खरोखरच पुढे निघाला. विजयी वीराने प्रजेला दर्शन द्यावं तसं त्याने मान वळवून हात केला, आणि रस्ता वळला. तो वळला नाही. धुऱ्यावरून उडून तो कापसात पडला. गाडी थांबली. अपघातासाठी ती थांबली की तिची तशी रीतच होती, ते मला सांगता येणार नाही.

सायकलच्या पुढच्या चाकाची जिलबी झाली होती आणि श्रीधरचा गुडघा फुटला होता. आता मास्तर काहीतरी टोमणा मारणार, अशी माझी खात्री. त्यांनी पाण्याने जखम धुतली, आपला धुतलेला रुमाल काढून पट्टी बांधली, स्वतःची सायकल श्रीधरला दिली आणि वाकडी सायकल खांद्यावर घेऊन चालायला लागले. मीही उतरून बरोबर चालू लागले. ऊन चढलं होतं. अंजनगाव किती दूर, असं विचारलं की ते म्हणत, "आता आलंच." असं ते सकाळपासून प्रत्येक गावाबद्दल म्हणत होते.

मग मध्येच त्यांनी विचारलं, "बाई, बाया माणसात काय पाहतात?"

"कोणाच्या बाया?"

"तशाच. सर्वसाधारण."

"सर्वसाधारण बायांना अंतर खरं सांगणारा माणूस आवडतो," मी चिडून म्हणाले. त्यांनी सायकल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. थोड्या वेळाने म्हणाले, "अजून तासभर आहे."

अंजनगावला चाक सरळ करून घेतलं, हिरवेगार पानमळे पाहिले, विडे खाल्ले. संध्याकाळी मास्तर न्हाव्याकडे जाऊन आले. मिशीची टोकं कापलेली, डोक्याला चमेलीचं तेल. पिशवीतून इस्त्रीची पांढरी विजार आणि कोट निघाला.

"हे काय मास्तर?"

"उद्याचं स्थळ फार महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. श्रीधरने वहीचं नवं पान काढलं.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरच्या वाटेवरून आत वळून आम्ही एका लहानशा गावात शिरलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझ्यावर विश्वास टाकला होता. देऊळ नाही, किल्ला नाही, एक पडका बुरूजसुद्धा नाही. मास्तर सारवलेल्या अंगणाच्या एका घरासमोर थांबले. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ हात जोडून उभे. आतून बांगड्यांचा आवाज. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मास्तर 'स्थळ' म्हणाले होते ते कोणत्या अर्थाने. आम्ही सहलीला आलो नव्हतो. आम्ही मुलगी बघायला आलो होतो. मी वराकडची करवली होते आणि लंगडणारा श्रीधर वरबाप.

"मास्तर!" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"एकटं यायची हिंमत होत नव्हती जी," तेही तसंच दबकून म्हणाले. त्यांची पहिली बायको लग्नानंतर वर्षभरातच गेली होती. त्यानंतर आठ-दहा वर्षं ते एकटेच राहत होते, हे मला तेव्हा कळलं.

मुलगी म्हणजे यशोदाबाई. गावच्या शाळेत शिक्षिका. वय तिशीच्या आसपास. पोहे घेऊन खाली मान घालून येतील असं वाटलं होतं. त्या सुट्टीतल्या शिकवणीच्या खडूने पांढरी झालेली बोटं पुसत बाहेर आल्या, मास्तरांकडे सरळ पाहिलं, श्रीधरच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बाई, जरा आत येता?"

स्वयंपाकघरात वांग्याचा वास दरवळत होता. त्यांनी मला पाट दिला आणि समोर उकिडव्या बसल्या.

"तुमी इतके दिवस यांच्यासंगं हिंडून राहिल्या. माणूस कसा आहे?"

"मी काय सांगणार? तुमचे वडील..."

"वडील मिशी पाहून हो म्हणून राहिले. मिशीसंगं राहायचं नाही मले." त्यांनी आवाज खाली केला. "याच्या आधी दोन स्थळं आली. दोघंही म्हणाले, नोकरी सोड. मी नाही म्हटलं. आता वडील थकले. याले नाही म्हटलं तं ते मनाला लावून घेतील, आणि हो म्हटलं अन् फसले, तं मी जाईन कुठं? म्हणून विचारते. गोड नका सांगू."

परक्या बाईने असा आपला जन्म आपल्या ओंजळीत ठेवावा, आणि आपण आदल्या दिवसापर्यंत त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत असावं!

"खोटं बोलतात," मी म्हणाले. "अंतरं खोटी सांगतात. इतिहास तर सगळाच खोटा. येत नसलं तरी येत नाही असं म्हणत नाहीत. वाटाड्या म्हणून मी त्यांना दहापैकी दोन मार्क देईन."

यशोदाबाईंनी झाकण काढून भाजी हलवली.

"पण माझा नवरा स्वतःच्या मूर्खपणाने पडला, तर त्याला एका शब्दाने हिणवलं नाही. त्याची सायकल खांद्यावर घेऊन उन्हात चालले. आम्ही जेवल्याशिवाय एकदाही जेवले नाहीत." मग आसेगावच्या कपाची गोष्ट मी सांगितली. न वाजलेल्या शिट्टीसकट सांगितली.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग एकदम उठल्या. "तुमची सायकल बाईमाणसाची आहे ना? जरा द्या."

शाळेच्या पटांगणात अर्धं गाव जमलं. यशोदाबाई सायकलवर बसल्या, मास्तरांनी मागून सीट धरली. वडील शाळेच्या ओसरीच्या खांबाला धरून, "मायबाप, काय करून राहिली ही!" असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. एक फेरी झाली, दुसरी झाली. इस्त्रीच्या विजारीत मास्तर वाकून पळत होते.

"सोडा," त्या म्हणाल्या.

"पडाल."

"मी पडीन ना. सोडा म्हणते!"

मास्तरांनी सोडलं. सायकल पटांगण ओलांडून गेली, बायांनी किंकाळ्या फोडल्या, आणि यशोदाबाई तुऱ्हाट्यांच्या (तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या) कुंपणात शिरल्या. मास्तर धावले, पण हात धरून उठवायला गेले नाहीत. जवळ जाऊन उभे राहिले. त्या आपल्या आपण उठल्या, पदरावरची धूळ झाडली.

"नोकरी सोडणार नाही मी," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"कोण सोडायले सांगून राहिलं?" मास्तर धापा टाकत म्हणाले.

"बदली नाही झाली तं अठीच, याच गावात राहीन."

"राहा ना जी."

"मग परीक्षा झाल्यावर," यशोदाबाई म्हणाल्या आणि घरी वांग्याची भाजी करपते आहे का ते बघायला गेल्या. वडिलांनी फेटा काढून डोळे पुसले. श्रीधरने मला हळूच विचारलं, "परीक्षा झाल्यावर काय?" तो इतिहासाचा पदवीधर आहे.

दर्यापूरजवळ लासूरला काळ्या पाषाणाचं जुनं देऊळ पाहिलं. खांबांवरची कलाकुसर बघून आम्ही दोघं थक्क झालो. पण माहिती सांगायला कोणी नव्हतं, कारण मास्तर एका खांबाला टेकून शेतांकडे बघत हसत होते. अकोल्याला त्यांनी आमच्या सायकली स्वतः गाडीत चढवल्या आणि गाडी हलेपर्यंत काहीबाही बोलत राहिले. काय बोलले ते त्यांनाही आठवत नसेल.

पुण्यात लोक विचारतात, वऱ्हाडात काय पाहिलंत? श्रीधर वही उघडून सांगू लागतो. मी गप्प बसते. देवळं आणि दरवाजे तिथेच आहेत, कोणालाही दिसतील. एका माणसाने आपल्या भीतीवर दोन परक्यांना सोबत घेऊन चढाई केली, आणि एका बाईने चुलीपाशी बसून सरळ प्रश्न विचारला, ते मात्र तिकीट काढून बघायला मिळत नाही.

लग्न मे महिन्यात झालं. यशोदाबाईंची बदली काही झाली नाही. त्या गावीच शिकवतात. शनिवारी शाळा सुटली की मास्तर अमरावतीहून सायकलवर टांग मारून निघतात आणि अंधार पडायच्या आत त्या अंगणात पोचतात. ही सहल मात्र ते कोणालाही बरोबर न घेता करतात.